बोडेन की विस्बी? स्वीडनच्या दोन प्रादेशिक सैन्यमुख्यालयांचा तुलनात्मक आढावा

संरक्षणशास्त्राचा प्रबंध किंवा दीर्घ लेख लिहिण्यासाठी स्वीडनच्या एकाच प्रादेशिक सैन्यमुख्यालयाचा इतिहास सविस्तर अभ्यासायचा असेल, तर निवड बहुधा दोन ठिकाणांपाशी येऊन थांबते: उत्तर ध्रुववृत्ताच्या जरा दक्षिणेला असलेले बोडेन आणि बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावरचे विस्बी. भारतात 2020 मध्ये संरक्षण दल प्रमुख हे पद सुरू झाल्यापासून एकात्मिक थिएटर कमांडची, म्हणजे एका भूभागातली तिन्ही दले एकाच सेनापतीखाली आणण्याची, चर्चा मराठी वाचकांच्याही कानांवर सतत पडते आहे. अशा वेळी परदेशातला एखादा पूर्णत्वाला गेलेला प्रयोग शोधणाऱ्याला स्वीडनचे उदाहरण फार उपयोगी पडते. कारण तिथे अशी रचना उभी राहिली, कित्येक दशके चालली, मोडली गेली आणि पुढे वेगळ्या रूपात परत आणावी लागली. हा आढावा त्या दोनांपैकी एक निवडू पाहणाऱ्यांसाठी आहे.

दोन्हींची पार्श्वभूमी एकच आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, ऑक्टोबर 1942 मध्ये, स्वीडनने देशाची सात लष्करी क्षेत्रांत विभागणी केली. सहाव्या क्षेत्राचे मुख्यालय बोडेनला होते आणि त्यात नोरबोटेन व वेस्टरबोटेन हे दोन उत्तरेकडचे प्रांत येत. सातवे क्षेत्र म्हणजे केवळ गॉटलंड, मुख्यालय विस्बी. एकटे नोरबोटेन क्षेत्रफळाने जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्राएवढे भरते, तर गॉटलंड गोव्याहूनही थोडे लहान आहे, आणि तरीही कागदावर दोन्हींचा दर्जा सारखाच होता. हा विरोधाभास पहिल्यापासून लक्षात ठेवावा, कारण पुढचा जवळजवळ सगळा वाद त्यातून निघतो.

खरा बदल 1966 चा. तोपर्यंत क्षेत्राचा सेनापती मुख्यतः भूदलाचा असे, आणि नौदल व हवाई दल आपापल्या वेगळ्या विभागांतून चालत. 1966 च्या पुनर्रचनेत सातांची सहा क्षेत्रे झाली आणि क्षेत्राच्या सेनापतीकडे युद्धकाळात आपल्या भूभागातल्या तिन्ही दलांचे नेतृत्व आले. तो थेट सरसेनापतीला जबाबदार झाला. त्याच्या जोडीला मुलकी बाजूनेही तेवढ्याच भूभागाची जबाबदारी सांभाळणारा अधिकारी होता, म्हणजे रुग्णालये, रस्ते, अन्नसाठा आणि लोकांचे स्थलांतर यांचा विचार लढाईच्या आराखड्याबरोबरच होत असे. थिएटर कमांड या कल्पनेच्या अभ्यासकाला ज्याचे आकर्षण वाटावे, ते सारे या रचनेत आहे. आपल्या निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, याच वर्षी बोडेनच्या मुख्यालयाचे अधिकार वाढले आणि विस्बीचे स्वतंत्र क्षेत्र संपून ते पूर्व क्षेत्रात विलीन झाले.

बोडेनचा इतिहास त्याच्या भूगोलातूनच वाचावा लागतो. किरुना आणि येलिवारे इथल्या लोहखनिजाच्या खाणी, ते खनिज लुलेओ आणि नॉर्वेतील नार्विक या बंदरांकडे नेणारा लोहमार्ग, आणि पूर्वेला फिनलंडची सरहद्द, जिच्यापलीकडे 1917 पर्यंत रशियन साम्राज्यच होते, या तिन्हींमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी लुले नदीकाठच्या या रेल्वे जंक्शनभोवती किल्ल्यांचे कडे उभारले गेले. मुख्य किल्ले पाच. त्यांतला र्योदबेरियेतचा किल्ला आज पाहता येतो: डोंगराच्या खडकात कोरलेले बोगदे, बाहेरून खोदलेला कोरडा खंदक आणि वर तोफांचे पोलादी घुमट. किल्ले बांधले गेले ते हल्लेखोराला या वाटेने जाऊ न देण्यासाठी, आणि शीतयुद्धातही विचार तोच राहिला. सोव्हिएत सैन्य उत्तर फिनलंड ओलांडून नॉर्वेच्या अटलांटिक किनाऱ्याकडे निघाले, तर त्याला कालिक्स नदीच्या आसपास रोखायचे, रस्ते आणि पूल उडवायचे आणि अंतर हेच आपले शस्त्र बनवायचे. इतक्या विरळ वस्तीच्या प्रदेशात हे काम लुलेओच्या हवाई तळाला, बोडेनच्या पायदळाला आणि मुलकी प्रशासनाला एकत्र बांधल्याशिवाय होणारच नव्हते. म्हणून तिन्ही दलांचे एक नेतृत्व ही इथे नुसती प्रशासकीय सोय नव्हती, ती प्रदेशाचीच गरज होती, असे माझे मत आहे.

शीतयुद्ध संपल्यावरही बोडेनचे महत्त्व एकदम ओसरले नाही. 1993 मध्ये खालच्या नोर्लांडचे, म्हणजे उत्तर स्वीडनच्या दक्षिणेकडच्या भागाचे, ऑस्टरसुंड इथे मुख्यालय असलेले क्षेत्र त्याला जोडले गेले आणि देशाचा जवळजवळ उत्तर अर्धा भाग एका मुख्यालयाखाली आला. 2000 मध्ये सर्व लष्करी क्षेत्रे बरखास्त होऊन त्यांच्या जागी चार लष्करी जिल्हे आले, त्यांतल्या उत्तर जिल्ह्याचे मुख्यालयही बोडेनलाच राहिले. 2004 च्या संरक्षणविषयक निर्णयाने तेही मोडीत निघाले. 2013 मध्ये चार लष्करी प्रदेश सुरू झाले, तेव्हा उत्तरेचे केंद्र पुन्हा बोडेनच. मात्र या नव्या प्रदेशाच्या प्रमुखाला जुन्या क्षेत्र सेनापतीचे अधिकार नाहीत. त्याच्याकडे मुख्यतः भूभागाची सुरक्षा, गृहरक्षक तुकड्या आणि मुलकी यंत्रणेशी समन्वय आहे. नाव आणि गाव तेच, पण अधिकार वेगळे, हे अभ्यासकाने नजरेआड करू नये.

विस्बीची कथा वाचायला अधिक रंजक आहे, आणि नेमका तिथेच निवड करणाऱ्याचा गोंधळ उडतो. 1808 च्या वसंत ऋतूत ॲडमिरल बोदिस्को यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 1800 रशियन सैनिक गॉटलंडवर उतरले, तेव्हा बेटावर त्यांना अडवणारे नियमित सैन्य नव्हते. स्वीडिश आरमाराने महिन्याभरात बेट परत घेतले खरे, पण 1811 मध्ये बेटवासीयांचे स्वतःचे राष्ट्रीय दल उभारले गेले ते त्या अनुभवानंतरच. पुढे बेटाच्या उत्तर भागात टिंगस्टेडेला तटबंदी झाली, फोरोसुंडला किनारी तोफखाना आला, आणि 1942 मध्ये बेटाला स्वतःचे लष्करी क्षेत्र मिळाले. 1966 नंतर बेटावरच्या तुकड्यांसाठी स्थानिक मुख्यालय राहिले, पण ते मुख्य भूमीवरच्या पूर्व क्षेत्राच्या हाताखाली होते. या काळात बेटावर रणगाड्यांची रेजिमेंट, तोफखाना, विमानविरोधी तोफखाना आणि किनारी तोफखाना अशी चार दले होती. म्हणजे मुख्यालयाचा दर्जा खाली आला असला, तरी सैन्य भरपूर होते.

2000 मध्ये याच्या अगदी उलट घडले. लष्करी जिल्ह्यांच्या नव्या रचनेत गॉटलंडला पुन्हा स्वतःचा जिल्हा मिळाला, मुख्यालय विस्बी. आणि त्याच वर्षी बेटावरचे तोफखाना, विमानविरोधी आणि किनारी तोफखाना ही तिन्ही दले बरखास्त झाली. मुख्यालय वर चढले आणि त्याच्या हाताखालचे सैन्य गेले. पाचेक वर्षांत जिल्हाही संपला, उरलेली गॉटलंड रेजिमेंटही संपली, आणि बेटाची भिस्त गृहरक्षकांवर राहिली. 29 मार्च 2013 रोजी, गुड फ्रायडेच्या रात्री, रशियन बॉम्बफेकी विमानांनी गॉटलंडजवळच्या आकाशात हल्ल्याचा सराव केला, तेव्हा स्वीडनचे एकही लढाऊ विमान वेळेवर उडाले नाही. नाटोच्या मोहिमेवरची डॅनिश विमाने गेली. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्यानंतर निर्णय वेगाने झाले. सप्टेंबर 2016 मध्ये तुकड्या बेटावर कायमच्या आल्या आणि 1 जानेवारी 2018 रोजी गॉटलंड रेजिमेंट पुन्हा स्थापन झाली.

आता दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहिले, तर फरक स्पष्ट दिसतो. गॉटलंडवर स्वतंत्र मुख्यालय, परतंत्र मुख्यालय आणि मुख्यालयाचा अभाव ही तिन्ही रूपे येऊन गेली, पण बेटाची सुरक्षा त्यांच्यापेक्षा तिथे प्रत्यक्ष किती सैन्य आहे यावर ठरली. म्हणून विस्बी हे सैन्याच्या उपस्थितीच्या प्रश्नासाठी उत्तम उदाहरण आहे आणि नेतृत्वरचनेच्या प्रश्नासाठी दिशाभूल करणारे आहे. अंदमान-निकोबारमध्ये 2001 पासून भारताची तिन्ही दलांची संयुक्त कमांड आहे, त्यामुळे बेट म्हटले की अभ्यासक आपसूक गॉटलंडकडे वळतो. हा मोह मी समजू शकतो, पण टाळावा असे सांगेन. तुलना करायचीच, तर ती केवळ बेटावर सैन्य किती आणि किती लवकर पोहोचवता येईल यापुरती ठेवावी.

एकत्रित नेतृत्वाचा अभ्यास करायचा असेल, तर बोडेन घ्या. तिथे 1966 ते 2000 ही सलग चौतीस वर्षे एकाच तत्त्वावर चाललेली रचना मिळते, तिच्या आधीची आणि नंतरची रूपेही एकाच गावातून पाहता येतात. शिवाय विषय जुना झालेला नाही. फिनलंड 2023 मध्ये आणि स्वीडन 7 मार्च 2024 रोजी नाटोत गेल्यावर हा प्रदेश सरहद्दीचा बांध न राहता नार्विककडून फिनलंडकडे जाणारी वाट झाला आहे. स्वीडनचा लोहमार्ग 1435 मिलिमीटर रुंदीचा आणि फिनलंडचा 1524 मिलिमीटरचा आहे. सरहद्दीवरच्या हापरांडा (स्वीडन) आणि टोर्निओ (फिनलंड) या गावांच्या मध्ये रूळ बदलतात. शत्रूच्या गाड्यांना जो अडथळा ठरला असता, तोच आता मित्रसैन्याच्या रसदीला सोडवावा लागणारा प्रश्न झाला आहे.

स्रोतांच्या बाबतीत दोन्हींची अडचण सारखी आहे. मूळ कागदपत्रे मुख्यतः स्टॉकहोमच्या युद्ध अभिलेखागारात आणि स्वीडिश भाषेत आहेत. शीतयुद्धात बोडेन आणि गॉटलंडच्या उत्तरेचे फोरो बेट हे दोन्ही भाग परदेशी नागरिकांना बंद होते, त्यामुळे त्या काळातल्या परक्या निरीक्षकांची प्रत्यक्षदर्शी वर्णने फार मिळणार नाहीत. बोडेनला संरक्षण संग्रहालय आहे, टिंगस्टेडेलाही आहे. वेळ आणि पैसा एकाच प्रवासापुरता असेल, तर बोडेनला जावे. आणि लेखनाची सुरुवात 1942 पासून न करता 1966 पासून करावी, आधीची वर्षे पार्श्वभूमी म्हणून पुरतात.