डान्स फॉर पीडीचे ऑनलाइन वर्ग वृद्धाश्रमात चालवायचे असतील तर

‘डान्स फॉर पीडी’ (पीडी म्हणजे पार्किन्सन्स डिसीज, कंपवात) हा पार्किन्सन्स असलेल्यांसाठीचा नृत्यवर्ग मूळचा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. मार्क मॉरिस डान्स ग्रुप ही नृत्यसंस्था आणि तिथला पार्किन्सन्स रुग्णांचा गट यांनी मिळून तो २००१ साली सुरू केला, आणि आज २५हून जास्त देशांत त्या पद्धतीचे वर्ग चालतात. आपल्याकडे पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या साथीने पार्किन्सन्ससाठी नृत्यवर्ग सुरू केले, त्यामुळे मराठी घरांत ही कल्पना अगदीच नवी नाही. २०२० मध्ये कोविडमुळे ब्रुकलिनचे वर्ग झूमवर आले. शिवाय रेकॉर्ड केलेले वर्गही मोफत पाहता येतात. हे सगळं आपल्या वृद्धाश्रमांत कितपत वापरता येतं, याचं हे परीक्षण.

शिकवण्याची पद्धत आमच्या मते उत्तम आहे. व्यायामाची यादी करून मागे गाणं लावून दिलं, असा हा प्रकार नाही. इथे नर्तक नाच शिकवतात. वर्ग खुर्चीत बसून सुरू होतो, मग खुर्चीमागे उभं राहून तिची पाठ धरून हालचाली होतात, मग चालणं-फिरणं, आणि शेवट पुन्हा सगळ्यांनी मिळून. हाताची हालचाल ‘कोपर सरळ करा’ म्हणून येत नाही, काहीतरी दूरवर दाखवायचंय, कुणाला काही द्यायचंय अशी येते. पार्किन्सन्समध्ये हालचाली आखूड होत जातात, हात जेमतेम अर्धा वर जातो. मनात चित्र असलं की तोच हात पूर्ण जातो, हे डोळ्यांनी दिसतं.

दुसरं बळ ठेक्याचं. चालण्याची लय आपोआप राखणारी मेंदूतली यंत्रणा या आजारात कमकुवत होते. बाहेरून ठोस ठेका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो, म्हणून टाळी किंवा तबल्यावर पाऊल सुटतं. मात्र ठेका त्या माणसाच्या चालीला जुळणारा हवा. पंधरा सेकंदांत किती पावलं पडतात ती मोजून चारने गुणा. ८० आली तर मिनिटाला ८० ठोके असलेल्या गाण्याने सुरुवात करा, आठवड्या-दोन आठवड्यांनी ८४ ते ८८. एकदम १०० वर नेलं तर पावलं लांब होत नाहीत, उलट बारीक आणि घाईची होतात, आणि माणूस पुढे झुकून पडू शकतो. मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या गतीने ठोके देणारं, कुठलंही मोफत अॅप यासाठी पुरतं.

आता अडचणी. थेट झूम वर्ग आपल्याकडे जवळपास निरुपयोगी आहेत. न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. तोपर्यंत आश्रमात जेवणं उरकून दिवे मालवलेले असतात. म्हणून रेकॉर्डिंगच वापरा. तरीही कधी थेट वर्ग घेतलाच, तर आपल्याकडचा कॅमेरा बंद ठेवा. आजी-आजोबांचे चेहरे परक्या लोकांसमोर जाणार असतील तर त्यांना आणि घरच्यांना आधी विचारायला हवं.

रेकॉर्डिंगची वेळ ठरते गोळीवरून. सिंडोपासारख्या लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाच्या, गोळीचा परिणाम साधारण अर्ध्या ते एक तासात जाणवू लागतो. गोळी दहाला असेल तर वर्ग पावणेअकरा-अकराला. गोळी दूध किंवा डाळ-उसळीच्या जेवणासोबत घेतली तर प्रथिनांमुळे परिणाम उशिरा आणि कमी येतो, मग त्या दिवशी ‘आज यांना जमत नाहीये’ असा गैरसमज होतो. वर्गाच्या सोयीसाठी गोळीची वेळ हलवायची नाही, वर्ग हलवायचा. पाच-सहा जणांच्या वेळा वेगवेगळ्या असतील तर दोन छोटे गट करा.

सर्वांत जास्त वर्ग बिघडतात ते आवाजामुळे. भिंतीवरच्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. हॉलमध्ये फरशी, उघड्या भिंती, तीन पंखे. शिक्षकाचं बोलणं घुमतं आणि ऐकू कमी येणाऱ्यांना नुसती गडबड पोचते. आवाज वाढवला की श्रवणयंत्रवाले यंत्र काढून खिशात टाकतात. यावर लोक ब्लूटूथ स्पीकर आणतात, आणि तिथे दुसरी चूक होते. ब्लूटूथवर आवाज चित्राच्या दीड-दोन दशांश सेकंद मागे पडू शकतो. बातम्या पाहताना ते खपतं, ठेक्यावर पाय टाकताना नाही: डोळ्यांना पाऊल आधी दिसतं, कानाला ठोका नंतर, आणि ज्याची लयच नाजूक आहे तो मध्येच थबकतो. म्हणून टीव्हीपासून स्पीकरपर्यंत वायर टाका. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर दोन-तीनशे रुपयांच्या आत ३.५ मिलिमीटरची केबल येते. स्पीकर टीव्हीखाली, बसलेल्यांच्या कानांच्या उंचीला. पंखे एकवर. दारं-खिडक्यांना जाड पडदे असतील तर घुमणं बरंच कमी होतं.

यूट्यूबवर थेट लावलं तर मध्येच जाहिरात येते, तीही मोठ्या आवाजात. खुर्चीमागे उभा असलेला माणूस त्या दचक्याने हात सोडतो. जाहिराती न येणारी सशुल्क सोय घ्या, नाहीतर बसून करायचा भाग तेवढाच व्हिडिओवर करा.

खुर्च्यांबाबत तडजोड करू नका. लग्नाच्या हॉलमधल्या त्या मोल्डेड प्लास्टिकच्या खुर्च्या चालत नाहीत. कडेला वजन गेलं की पाय वाकतात, गुळगुळीत फरशीवर घसरतात, आणि त्यांची पाठ धरून उभं राहिलं तर खुर्ची मागे येते. लाकडी किंवा लोखंडी, चारही पायांना रबरी बूच असलेली, बैठक ४३ ते ४६ सेंटिमीटर उंच. आपल्या बऱ्याच आजींचे पाय त्या उंचीवरून जमिनीला टेकत नाहीत. पायांखाली पाट द्या, पण पाटाखाली घसरू नये म्हणून रबरी चटई हवीच. पाय लोंबकळत असतील तर ठेका अंगात उतरत नाही. उभं राहून करायच्या भागाआधी पाट काढून घ्यायला एक माणूस नेमून ठेवा. हात असलेली खुर्ची उठायला बरी, हात नसलेली झुलायला मोकळी. तोल कच्चा असेल तर हातवालीच.

सूचना इंग्रजीत आहेत आणि भराभर येतात. इंग्रजी चांगलं कळणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांनाही ऐकणं, पाहणं आणि करणं एकाच वेळी जड जातं, कारण दोन कामं एकदम करणं हीच या आजारातली अडचण. त्यामुळे टीव्ही लावून सगळ्यांना समोर बसवणं आम्हाला मान्य नाही. व्हिडिओ हा काळजीवाहकाचा शिक्षक आहे. त्याने किंवा तिने आदल्या दिवशी एकच वर्ग दोनदा पाहावा, त्यातल्या पाच-सहा हालचाली निवडाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः समोर खुर्ची घेऊन बसावं. हॉलमध्ये टीव्ही बंद असला तरी चालेल. समोर बसणाऱ्याने आरशासारखं करायचं: त्यांचा उजवा हात हवा असेल तर आपला डावा. ‘उजवा-डावा’ म्हणण्यापेक्षा ‘खिडकीकडचा हात’, ‘दाराकडचा हात’ लवकर कळतं. स्मृतिभ्रंशही असेल तर बोलणं आणखी कमी: आधी करून दाखवा, चार मात्रा थांबा, मग सगळ्यांनी.

संगीताच्या बाबतीत आम्ही मूळ वर्गापासून सरळ फारकत घ्यायला सांगू. तिथलं पियानोवादन सुरेख आहे, पण सांगली-सोलापूरकडच्या आजीच्या पायाला ते ओळखीचं नाही. वॉल्ट्झ या पाश्चात्य नाचाच्या तीनच्या झोक्याला आपला सहा मात्रांचा दादरा बसतो, खांदे आणि कंबर डोलवायला तो छान. पावलांसाठी केरवा किंवा भजनी ठेका, दोन्ही आठ मात्रांचे, सम ठळक. सुरुवातीच्या श्वासाला आणि हात उघडायला संथ भूपाळी. आलाप लावू नका, ऐकायला गोड असला तरी धरायला ठोका नाही. नाट्यगीतांत तानांच्या जागी गायक लय लांबवतो, तिथे गट विस्कटतो. ती शेवटी, ऐकायला. लावणी आवडीने करतात, फक्त तिची गती आधी मोजा, बहुतेक लावण्या या गटासाठी फार जलद पडतात. गाणी आधीच फोनमध्ये उतरवून क्रमाने लावून ठेवा. मध्येच शोधाशोध झाली की अंग पुन्हा आखडतं.

वारकऱ्यांची पावली तर या वर्गासाठीच घडवल्यासारखी आहे. एक पाऊल पुढे, वजन टाका, मागे या, टाळ वाजवा: वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, मोठं पाऊल, ठेका, आणि हाताचं काम, सगळं एकत्र. आधी आठवडाभर बसून करा, टाचा उचलून. मग खुर्चीमागे. टाळ छोटे घ्या, झांजा नकोत. झांजेचा खणखणाट श्रवणयंत्रात टोचतो. लेझीमही जड जाते. टिपऱ्यांऐवजी वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी चिकटपट्टीने बांधून द्या, बोटांची पकडही सुधारते आणि शेजाऱ्याला लागतही नाही. फुगडी नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

सुरक्षेचा भाग व्हिडिओत सांगितला जातो, पण तो घरी एकट्याने करणाऱ्याला उद्देशून असतो. आश्रमात उभं करण्याआधी रक्तदाब बसून घ्या, उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्या दिवशी बसूनच, आणि डॉक्टरांना कळवा. मणक्याची हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी पुढे खोल वाकणं आणि वाकून पिळणं टाळायचं. या वर्गांत कण्याच्या वळणाच्या हालचाली येतात, त्या यांच्यासाठी छातीपर्यंतच ठेवा. फरशी नुकतीच पुसलेली नको. मोजे घालून नाही, एकतर अनवाणी किंवा मागे पट्टा असलेली चप्पल. पाचवारी साडीच्या निऱ्या आणि गाऊनची किनार घोट्याच्या वर खोचलेली. उभ्या असलेल्या दर दोघांमागे एक मदतनीस.

चालताना कुणाचे पाय जमिनीला चिकटले तर हात धरून ओढू नका, धड पुढे येतं आणि पाय मागेच राहतात. थांबू द्या. वजन डावी-उजवीकडे डोलवायला सांगा, ठेका मोजा, आणि ‘या रेघेवरून पलीकडे’ म्हणा. रेघ म्हणून फरशीच्या रंगाहून वेगळी चिकटपट्टी, चालण्याच्या दिशेला आडवी, एकेक हातभर अंतरावर. दाराच्या उंबऱ्यापाशी आणि वळणावर पाय हमखास चिकटतात, तिथे आधी लावा.

पेडल मारत पडद्यावर रस्ता पाहायची नॉर्वेची मोटिव्ह्यू प्रणालीही चांगली, विशेषतः अजिबात उभं न राहता येणाऱ्यांसाठी. पण त्याला यंत्र आणि वर्गणी लागते. जिथे मनुष्यबळ कमी आणि पैसा आहे तिथे तिचा विचार करावा.

डान्स फॉर पीडीला पैसे लागत नाहीत, माणूस लागतो. आठवड्यातून दोन वर्ग, प्रत्येकी ३५ ते ४० मिनिटं, त्यातली निम्मी बसून, आणि तयारीला आदल्या दिवशीचा एक तास. हा तास काळजीवाहकाच्या ड्युटीत लिहून द्यायची व्यवस्थापनाची तयारी असेल तर जरूर सुरू करा. नसेल तर आधी तेवढं ठरवून घ्या आणि मग खुर्च्या मांडा.