हॅपीव्हेल: देवमाशाचा फोटो हार्डडिस्कवर पडून राहू देऊ नका

नान्नज किंवा हिप्परग्याला पक्षी टिपायला जी लेन्स नेतात, तीच देवमाशांनाही पुरते. सहलीला श्रीलंकेतले मिरिस्सा, ओमान, ऑस्ट्रेलिया गाठणाऱ्या सोलापूरकरांनी परत आल्यावर फोटो हॅपीव्हेलवर जरूर चढवावेत. 2015 पासून चालू असलेली ही मोफत सेवा फोटोवरून एकेका देवमाशाची ओळख पटवते.

हंपबॅक देवमासा खोल बुडी मारताना शेपटी उचलतो. तिची खालची बाजू म्हणजे त्याचा ओळखीचा ठसा: काळे-पांढरे डाग, ओरखडे आणि मागची दातेरी कड. चादरीची किनार मागावर पुन्हा पुन्हा तीच उतरते. शेपटीची ही कड मात्र दोन देवमाशांत सारखी नसते. संगणक ती जुन्या फोटोंशी ताडून पाहतो. जुळली, की तोच देवमासा आधी कुठे, कधी दिसला होता ते ईमेलने कळते. अशाच फोटोंवरून उत्तर पॅसिफिकमधल्या हंपबॅकची गणना झाली: 2012 मध्ये सुमारे 33,500, तर 2021 मध्ये सुमारे 26,700. या घटीचा संबंध संशोधक 2014 ते 2016 च्या समुद्री उष्णतेच्या लाटेशी जोडतात.

फोटो वाया जातात ते बहुतेक बोटीवरच. शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान ठेवा. पाठ कमानीसारखी वाकली की बटण दाबून धरा, शेपटी जेमतेम काही सेकंद वर राहते. बाजूने काढलेला फोटो देखणा असला तरी ओळखीला निरुपयोगी. शेपटी मागूनच हवी. ऊन समोरून असेल तर ती नुसती काळी दिसते, म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवा. कॅमेऱ्याचे घड्याळ तपासा: ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर लोकेशन चालू ठेवून मोबाइलवर त्याच क्षणी एक फोटो काढा. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो चढवू नका, त्यात जागेची नोंद उरत नाही आणि बारकावेही जातात. क्रॉप चालेल, आरशासारखा उलटा केलेला अजिबात नको.

मिरिस्साचा निळा देवमासा मुख्यतः पाठीवरच्या छोट्या पराजवळच्या करड्या ठिपक्यांवरून ओळखतात. डाव्या-उजव्या अंगाची नक्षी वेगळी असते, त्यामुळे दोन्ही बाजू टिपा.

उणीव? इंग्रजीशिवाय काम अवघड. शिवाय या सेवेची खरी ताकद हंपबॅकच्या शेपटीत आहे; तारकर्लीच्या डॉल्फिनच्या फोटोंकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. त्यांची ओळख पराच्या खाचांवरून पटते आणि त्यासाठी जवळून, अगदी काटकोनात घेतलेला फोटो लागतो. पण तेवढ्यासाठी नावाड्याला बोट डॉल्फिनच्या मागे लावायला सांगू नये. पाच पैकी चार तारे.

अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर याच पाण्यात राहतात. ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांचा अंदाज अवघा 82 चा निघाला होता. कोकणातून सुटलेल्या बोटीवरून अशी एक शेपटी मिळाली, तर ती त्याच रात्री चढवा.