जुनी सागवानी कपाटं: बडोद्यातला एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

आमच्या घरात सध्या दोन जुनी लाकडी कपाटं रोजच्या वापरात आहेत. एक पुस्तकांचं, वर काचेची दारं आणि खाली दोन ड्रॉवर असलेलं. दुसरं स्वयंपाकघरातलं जाळीचं. दोन्ही संक्रांतीनंतर आली, म्हणजे इथला मे महिना आणि अख्खा पावसाळा त्यांनी पाहिलाय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. आता कुठे काय अडतं आणि कुठे काय टिकतं हे सांगता येईल.

पुस्तकांचं कपाट मी पुन्हा घेईन. जाळीचंही घेईन, पण ते कशासाठी वापरायचं हे आधी ठरवून.

जुन्या फर्निचरच्या दुकानात नजर पहिल्यांदा कोरीव कमानीवर आणि पितळी मुठींवर जाते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की दार उघडा, टेप काढा आणि आतली खोली मोजा. कपाटात काय ठेवायचं हे त्याच्या आतल्या मापानं ठरतं आणि जुन्या कपाटाचं माप बदलता येत नाही. आमच्या पुस्तकांच्या कपाटाची आतली खोली 11 इंच आहे. पुस्तकं नीट बसतात, शिवाय ए-फोर कागदांच्या फायलीही उभ्या राहतात, कारण तो कागद 297 मिलिमीटर म्हणजे 12 इंचांना जरा कमी उंच असतो आणि खणाची उंची त्याहून जास्त आहे. कपड्यांच्या कपाटात हे गणित अजून महत्त्वाचं. हँगर साधारण 17-18 इंच रुंद असतो, वर कपड्याचा फुगवटा, त्यामुळे आतून 22 इंच तरी खोली लागते. जुनी बरीच कपाटं घडीच्या कपड्यांसाठी केलेली, त्यामुळे उथळ असतात. त्यात दांडा बसवून हँगर तिरके लटकवणारे लोक मी पाहिलेत. साड्यांसाठी मात्र अशी खणांची कपाटं उत्तम. फक्त पैठणी किंवा रेशीम उघड्या लाकडाला थेट टेकवू नका. लाकडातल्या आम्लांनी कापडावर पिवळट डाग पडतात. मलमलीच्या किंवा धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा.

फळ्यांबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. ओळीनं लावलेली फूटभर पुस्तकं साधारण 10 किलो भरतात, म्हणजे आमच्या तीन फुटी फळीवर 30 किलोच्या आसपास वजन कायम असतं. फळी सागवानी आहे, एक इंचाला थोडी कमी जाड. ती एक सूतही वाकलेली नाही. आधीच्या पार्टिकल बोर्डच्या रॅकची फळी मधोमध खाली आली होती.

आता पावसाळा. आषाढात वरचा ड्रॉवर घट्ट झाला आणि श्रावणात जवळजवळ अडकलाच. लाकूड हवेतली ओल घेतं आणि आडव्या अंगाला, म्हणजे रेषांच्या काटकोनात, फुगतं. लांबीला ते फारसं बदलत नाही. म्हणून ड्रॉवरच्या बाजू उंचीला वाढतात आणि वर घासतात. ओळखीच्या सुथारांना बोलावलं तर त्यांनी रंधा पिशवीतून काढलाही नाही. म्हणाले, "बेन, चोमासुं जवा दो, पछी रंधो मारीशुं." म्हणजे पावसाळा जाऊ द्या, मग रंधा मारू. त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. भर पावसात तासलेला ड्रॉवर हिवाळ्यात खुळखुळा होतो. त्यांनी धावपट्ट्यांवर साधी मेणबत्ती घासून दिली आणि तेवढ्यावर काम भागलं. दिवाळीच्या सुमारास ड्रॉवर आपोआप मोकळा झाला. रंधा लागलाच नाही.

याच कारणासाठी जुन्या दारांमध्ये मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते. तिला चिकटवायचं नसतं, खिळाही मारायचा नसतो. फळीला फुगायला आणि आकसायला जागा हवी. दुरुस्ती करताना कोणी ती फेव्हिकॉलनं पक्की केली असेल, तर मेच्या कोरड्या उन्हात ती मधोमध तडकते. दुकानात फळीच्या कडेवर अंगठा दाबून पाहा. किंचित हलली तर चांगलंच आहे.

कीड हा मोठा विषय. सागवानाला वाळवी लागत नाही असं सरसकट सांगतात, पण ते लाकडाच्या आतल्या गडद गाभ्यापुरतं खरं आहे. सालीलगतच्या फिकट भागाला ते संरक्षण नसतं. शिवाय जुन्या कपाटाची पाठ आणि ड्रॉवरचा तळ बहुतेक वेळा स्वस्त लाकडाचा असतो, कारण तो कोणाला दिसत नाही. आमच्या कपाटाचा दर्शनी भाग पक्का सागवान आहे, पाठीच्या फळ्या मात्र सागवानी नाहीत. पावसाळ्यात त्याच फळ्यांखाली बारीक पिवळसर पीठ पडायला लागलं. भुंगा होता. पेंटच्या दुकानात मिळणारं लाकडाचं कीडनाशक भोकाभोकांत सिरिंजनं भरलं, पाठीवर ब्रशनं लावलं, आणि कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे ओढलं, म्हणजे मागून हवा खेळते. नंतर पीठ दिसलेलं नाही, तरी खाली काळा कागद टाकून मी लक्ष ठेवते. खरेदीच्या वेळीही हाच कागद न्या. तो खाली धरून फळीवर मुठीनं ठोका. ताज्या भोकाच्या कडा आतून उजळ असतात, जुन्या काळवंडलेल्या.

बडोदेकरांनी अजून एक गोष्ट तपासायलाच हवी. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, 2019 मध्येही शिरलं होतं. पुरात भिजलेलं लाकूड पॉलिश करून विकायला ठेवलं तर समोरून काहीच कळत नाही. म्हणून कपाट आडवं करायला सांगा आणि पायांचा तळ पाहा. पाण्याची काळी आडवी रेघ, सांध्यांत अडकलेला गाळ, फक्त खालच्याच बिजागऱ्या गंजलेल्या, अशी लक्षणं असतील तर ते कपाट सोडून द्या. व्यापारी आडवं करायला तयार नसेल तरीही सोडून द्या.

वयाबद्दल फार भावुक होऊ नये, असं माझं मत झालंय. "सव्वाशे वर्षांचं आहे, राजवाड्यातलं आहे" हे वाक्य इथे जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकू येतं. लक्ष्मीविलास राजवाडा 1890 मध्ये पूर्ण झाला, पण तारखेचा मेळ साधारण जमतो म्हणून कपाट तिथलं ठरत नाही. स्क्रू पाहा. फुलीच्या खाचेच्या स्क्रूचं पेटंट 1930 च्या दशकातलं, त्यामुळे सगळे स्क्रू तसे असतील तर कपाट तरी नंतरचं आहे किंवा पुन्हा जोडलेलं आहे. कडांची झीज हात लागतो तिथेच असायला हवी. बिजागऱ्यांच्या जुन्या खाचा बुजवलेल्या दिसल्या तर ते लाकूड आधी दरवाजा होतं. मोडलेल्या घरांच्या दारा-तुळयांतून केलेलं नवं कपाटही चांगलंच असतं, जुनं सागवान आहे ते. पण त्याचा भाव नव्या कामाचा द्यावा. आणि रावपुऱ्यातला तांबेकर वाडा एकदा लाकूडकामासाठी म्हणून पाहून या. जुनं काम कसं असतं याची नजर तयार होते.

पॉलिश आम्ही स्पिरिटमधल्या लाखेचंच ठेवलं. चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करा असा सल्ला खूप जणांनी दिला, पण लाखेवर ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात मारता येतो, आणि सागवानाचा तांबूस रंग तिच्याखाली फार सुंदर दिसतो. सांभाळायचं एवढंच की लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझरचा थेंबही पडू देऊ नका. गरम भांडंही ठेवू नका. इथून जवळच्या संखेड्याच्या लाखकामाच्या फर्निचरलाही हीच काळजी लागते.

जाळीच्या कपाटावर हिरव्या तेलरंगाचे थरावर थर होते. इथे मी मनापासून सावध करते. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीचे थर कशाचे आहेत हे नुसतं बघून कळत नाही. घरात लहान मूल असेल तर असा रंग कोरडा घासू नका. आमचा रंग घराबाहेर, पाणी मारून ओला ठेवत, मास्क लावून काढून घेतला आणि सगळा चुरा प्लास्टिकमध्ये बांधून टाकला. आतली बाजू विनारंगाची ठेवली, जाळी नवी बसवली.

या कपाटात विरजण, लोणी काढायची साय, उरलेल्या पोळ्या आणि लाडवांचा डबा असतो. उन्हाळ्यात फार उपयोग झाला. फ्रिजमधली गर्दी कमी झाली. पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या येत नाहीत, फक्त ते पाणी रोज बदलायला हवं, नाहीतर डास होतात. पावसाळ्यात मात्र पापड, चिवडा, कुरडया तिथून हलवल्या. हवा येते तिथून ओलही येते, त्याला इलाज नाही.

खर्चाचं म्हणाल तर पुस्तकांचं कपाट तेवढ्याच मापाच्या नव्या प्लायवूडच्या कपाटाच्या आसपास पडलं, पण पॉलिश, टेंपो आणि हमाली वेगळी. भाव ठरवण्याआधी जिन्याचं वळण मोजा. काही जुन्या कपाटांचा वरचा भाग खालच्यावर नुसता ठेवलेला असतो किंवा सांधे पाचरींनी धरलेले असतात. ती सुटी करून नेता येतात, हे विचारून घ्या. घरात आल्यावर उंच कपाट भिंतीला लोखंडी अँगलनं बांधाच. पुस्तकांनी भरलेलं सागवानी कपाट एखाद्या मुलानं ड्रॉवरवर पाय देऊन ओढलं तर काय होईल याचा विचारही करवत नाही.

पितळी पट्ट्यांचा चाकांवरचा पटारा, म्हणजे मोठी लाकडी पेटी, आम्ही दोनदा पाहिला आणि घेतला नाही. झाकण फार जड, त्याला आधाराची दांडी नाही आणि बाहेरून कडी. मुलं लपायला आत शिरतील ही भीती होती. शिवाय तळातली रजई काढायला वरचं सगळं उपसावं लागतं. गाद्या-गोधड्यांसाठी आता डामचिया, म्हणजे अंथरुणं रचायची लाकडी घडवंची, शोधतोय. त्यावर गाद्या रचता येतात, आणि समोर दारं असलेला मिळाला तर आतलंही सहज हाताशी येईल.