पोरीला टाकायचं कुठं? मनपा, अनुदानित, कॉन्व्हेंट की आरटीई

नागपुरात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, पण ॲडमिशनची धावपळ थंडीतच सुरू होते. आपल्याकडे कोणत्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग ती दोन मजली घरात का भरेना. फी किती, हे सगळेच विचारतात. मी आधी विचारतो, शिक्षकांचा पगार कोण देतं? शाळेचं बरंचसं तिथंच कळतं.

मनपा शाळेत सगळा खर्च सरकारी. फी नाही, पुस्तकं-गणवेश फुकट, आठवीपर्यंत दुपारचा आहार. शिक्षक डी.एड. झालेले, नव्या नेमणुकांना टीईटी ही पात्रता परीक्षाही लागते. गोची आहे पटाची. पहिली ते पाचवी मिळून पट साठच्या आत असला की नियमानं दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एकाच खोलीत दुसरी आणि तिसरी, आणि त्यातल्या एका मॅडमना निवडणुकीचं काम लागलं की पाचही वर्ग एकीकडे. ऐपत असलेले पालक पोरं काढतात, पट घसरतो, शिक्षक कमी होतात, मग उरलेलेही काढतात. शाळा बघायला गेलात तर रंगवलेल्या भिंती सोडा, हजेरीपट बघा.

अनुदानित शाळा संस्थेची, पगार मात्र शासनाचा. त्यामुळे फी नाममात्र, पुस्तकं आणि आहार आठवीपर्यंत इथंही, आणि बऱ्याच शाळा दहावीपर्यंत. मागच्या मे महिन्यात भर दुपारी दोन शिक्षिका तोंडाला दुपट्टा गुंडाळून आमच्या गल्लीत आल्या. हातात वही. "ताई, पाचवीत जाणारं कुणी आहे का? ऑटोचं आम्ही बघू." पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की पद अतिरिक्त ठरतं, म्हणून ही वणवण. बहिणीनं त्यांना माठातलं पाणी दिलं आणि पोरीचं नाव लिहून घेऊ दिलं. पण इथंही डोळे उघडे ठेवा. 2025 मध्ये नागपूर विभागातच बोगस शालार्थ आयडीचा (शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतला क्रमांक) घोटाळा उघडकीस आला, पात्र नसलेल्यांच्या नावे पगार निघाले. तेव्हा वर्गात प्रत्यक्ष कोण शिकवतं, ते जुन्या पालकांना विचारा.

त्याआधी हीच भाची कॉन्व्हेंटला होती. चौथीच्या एका वर्षात तीन टीचर बदलल्या. अशा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदान नसलेल्या शाळेचा पगार फीमधूनच निघतो. फी कमी तर पगार कमी, आणि थोडं जास्त मिळालं की टीचर दुसरीकडे. महागड्या शाळांचं तसं नसतं, पण तिथं फीशिवाय बस, ठरावीक दुकानातली पुस्तकं, स्नेहसंमेलनाचा ड्रेस असतो. 2011 च्या शुल्क कायद्यानुसार फीवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते. त्या समितीत कोण आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

राहिली आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातले राखीव प्रवेश. विनाअनुदानित शाळेत पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या 25 टक्के जागा, लॉटरीनं. आर्थिक दुर्बल गटाला वार्षिक 1 लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमातींना ही अट नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळल्या आहेत. सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती, ती जुलैमध्ये उच्च न्यायालयानं रद्द केली. एका मुलामागे शाळेला सरकारकडून वर्षाचा परतावा ठरला 17,670 रुपये. तो वर्षानुवर्षं थकतो, आणि शाळा ते ॲक्टिव्हिटीच्या नावाखाली पालकांकडून काढू बघतात.

खरा खड्डा आठवीनंतर. तिथं मोफत शिक्षण संपतं आणि नववीला पूर्ण फी. चौदा वर्षांच्या पोरीला सगळ्या मैत्रिणी सोडून शाळा बदलायला लावायची, की कर्ज काढायचं?

म्हणून माझा क्रम असा: घरात फीची ओढाताण असेल तर दहावीपर्यंतची, भरल्या पटाची अनुदानित शाळा. ती जवळ नसेल तर मनपा, पट बघून. आरटीईचा नंबर लागला तर घ्याच, पण त्याच दिवशी ऑफिसात नववीची फी विचारून या.