बाजारात बसून रंगवायला १०×१२ इंची कॅनव्हास बोर्ड

सांगलीत हळदीचा सौदा किंवा कृष्णेचा घाट समोर बसून तैलरंगात रंगवणाऱ्यांना हा बोर्ड, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला कॅनव्हास, सोयीचा. पिशवीत मावतो, वाऱ्याने फडफडत नाही. त्यावरचं अस्तर, म्हणजे रंगाखालचा पांढरा लेप, मात्र फारच पातळ. ते रंगातलं तेल पिऊन टाकतं आणि ओला, तजेलदार पिवळा दुसऱ्या दिवशी खडूसारखा दिसतो. म्हणून जेसोचे (अस्तराच्या पांढऱ्या लेपाचे) दोन हात द्या, दुसरा आडवा; मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. पावसाळ्यात कोपरे वाकतात, मागूनही एक हात हवाच. पांढऱ्यावर थेट सुरुवात नको, प्रत्येक छटा गडद भासते. आधी पातळ अंबर (मातकट तपकिरी रंग) लावून पुसून घ्या. हळकुंडांच्या सावलीत काळा घालू नका, पिवळा हिरवट होतो. तिथे बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), किंचित जांभळा. सरावाला उत्तम, प्रदर्शनाच्या चित्राला ताणलेला कॅनव्हासच घ्या.