द्राक्षाचं खोकं की रद्दीचा लगदा?
फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या घरांत द्राक्षांची खोकी साठतात. रद्दी तर बारमाही. सुट्टीत मुलांच्या हाती काय द्यायचं?

खोक्याचं काम झटपट. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी थर असतो. त्या नळ्यांना समांतर घडी घातली की पुठ्ठा सरळ वाकतो, आडवी घातली की चुरगळतो. हे एकदा कळलं की तासाभरात घर, गाडी, अगदी काळारामाच्या देवळाचं शिखरही उभं राहतं. कापायचं काम मात्र मोठ्यांचं. जाड पुठ्ठा मुलांच्या कात्रीला दाद देत नाही.

लगद्याला धीर हवा. कागदाचे तुकडे रात्रभर भिजवायचे, कुटायचे, पिळायचे, मग मैद्याची खळ. आजी त्यात मेथीची पूडही घालायची, कीड लागू नये म्हणून. पालथ्या वाटीला तेलाचा हात लावून लगदा थापा; चैत्रातल्या उन्हात तीन-चार दिवसांत टणक होतो. पावसाळ्यात नादी लागू नका, बुरशी येते. (आमचा हत्ती असाच गेला, सोंडेपासून.)

पाच वर्षांच्या आतल्यांना मी लगदाच देईन: कात्री नको, आणि हात बरबटायची मुभा. फक्त फरशीवर आधी जुनी चादर अंथरा. त्याहून मोठ्या मुलांना खोकं.