जादा निधी: टॅब घ्यावेत की ताई नेमावी?

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच बडोद्यात गरीब वस्तीतल्या शाळेला जादा निधी मिळाला, की आधी टॅब सुचतात. टॅब एकदाच घ्यायचे, असं वाटतं. पण दुरुस्ती, रिचार्ज मागे लागतोच. आणि जोडाक्षराशी अडखळणाऱ्या पोराला सोडून पडद्यावरचा धडा पुढे निघून जातो.

दुसरा पर्याय, शाळा सुटल्यावर तासभर वाचून घेणारी ताई. घरी मराठी, गल्लीत गुजराती बोलणारी मुलगी ‘प्रश्न’ वाचताना नेमकी कुठे थांबते, हे शेजारी बसल्यावरच कळतं. मुलं मात्र इयत्तेनुसार नव्हे, वाचता येण्यानुसार बसवायला हवीत. मानधन दरवर्षी लागेल, तरी माझा कौल ताईलाच. टॅब हवेतच तर दोन-चार, तिच्या हाताशी.